चंदीगढ एकदम शांत आहे!

बदलीच्या नोकरीत दर बदलीला सामान कमी होत जातं. कपाटाचा आरसा फुटतो, पाटा-वरवंटा कुणाला तरी देऊन टाकावा लागतो, कुंड्या शेजारणीच्या गळ्यात पडतात. किस्से मात्र वाढतच जातात! त्यांना ना ट्रक लागतो, ना पॅकिंग. आता आम्ही सांगलीत कायमचे येऊन बरीच वर्षं झाली, पण जुन्या चंदीगढवाल्यांपैकी कुणी घरी आलं की चहाला उकळी फुटायच्या आत फर्माईश येतेच, "वहिनी, ती मोटारसायकलची टूर सांगा ना!"

मग मी सांगते. आमचे हे तेवढ्यात उठून बागेला पाणी घालायला जातात. का जातात ते मेंढ्यांच्या किश्शात कळेल.

तर, हे चंदीगढला केंद्र सरकारच्या एका ऑफिसात होते. सरकारी क्वार्टर, समोर पार्क, रस्ते पट्टीने आखलेले, कुठे नाव ठेवायला जागा नाही. आणि दिवस कसले, तर पंजाबातल्या अतिरेक्यांचे! सकाळचा पेपर भीत भीत उघडायचा. दिवेलागण झाली की बाजार ओस. भाजी आणायला गेलेल्या माणसाला अर्धा तास जास्त लागला तरी मी फाटकात. आमची चिनू तेव्हा दुसरीत होती, तिला आम्ही सांगलीला माझ्या आईकडे ठेवलं होतं. तिच्याशिवाय घर खायला उठायचं. मला विचारलं असतं तर पहिल्या गाडीने मीही सांगली गाठली असती, पण विचारतंय कोण!

*

यांच्या ऑफिसात विलास भोसेकर नावाचा मुलगा होता, इस्लामपूरचा. दिसायला नीटनेटका, निर्व्यसनी, नोकरी पर्मनंट. आमच्याकडे जेवायला आला की स्वतःचं ताट घासून ठेवायचा. अशा मुलाला मुली सांगून यायला हव्यात की नाही? यायच्या. पण पोस्टिंगचं नाव निघालं की मुलीचा बाप जागच्या जागी गार!

मिरजेचे एक गृहस्थ म्हणाले, "मुलगा पसंत आहे. बदली झाली की कळवा, आम्ही थांबतो." हे थांबणारे गृहस्थ महिन्याभरात इचलकरंजीला मुलीच्या लग्नाचे लाडू वाटून मोकळे!

कऱ्हाडच्या एकांनी तर कहर केला. म्हणाले, "लग्न करू या. मुलगी इकडेच राहील, जावईबापूंनी दिवाळसणाला येत जावं!"

आम्ही पोट धरून हसलो. विलासही हसला. मग मी पोळ्या लाटत असताना स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "वहिनी, तिशी उलटली हो माझी. एकट्याने जेवायचा कंटाळा आलाय." त्यावर मला काही हसू आलं नाही.

*

आता दामले साहेब. ते यांचे सीनियर, आमच्या मराठी मंडळाचे सेक्रेटरी, आणि जिथे चार माणसं जमतील तिथले आपोआप अध्यक्ष. दामल्यांनी शोध लावला की हिमाचलात, मंडीच्या पुढे, एका वीज प्रकल्पावर कर्णिक नावाचे मराठी इंजिनियर आहेत आणि त्यांची मुलगी मंजिरी लग्नाची आहे. डोंगरात राहणारी माणसं, पंजाबला थोडीच घाबरतील! कर्णिकांनी रविवारी दुपारी या म्हणून कळवलंही.

झालं, दामल्यांनी आमच्याकडे मीटिंग घेतली. "जीपने गेलो तर त्यांना वाटेल जीव मुठीत धरून आले. आपण मोटारसायकलींवर जायचं! आधी रोहतांग करायचं आणि उतरताना सहज म्हणून त्यांच्याकडे डोकवायचं. त्यांनाच वाटलं पाहिजे, काय हे चंदीगढचे लोक, किती बिनधास्त हिंडतात!"

"आणि त्यांनी इथल्या परिस्थितीबद्दल विचारलं तर?" विलासने विचारलं.

"एकच उत्तर. चंदीगढ एकदम शांत आहे! पेपरवाले काहीही छापतात."

मी म्हटलं, "दामले साहेब, आमची चिनू मग सांगलीला काय शांततेला कंटाळून गेलीय?"

"वहिनी, तो विषय तिथे काढायचा नाही!"

मुलगी बघायला जायचं तर सोबत बाईमाणूस हवं. दामलेबाई गुडघेदुखीमुळे सुटल्या, मी अडकले. गाड्या चार. दामल्यांची बुलेट, विलासची एक, आमची एक, आणि चौथी बलबीरची. बलबीर सिंग हाही आमच्या यांच्याच ऑफिसातला, सरदार, रस्ते तळहातासारखे माहीत असलेला आणि दामल्यांना न घाबरणारा एकमेव माणूस. आमच्या गाडीवर पुढे हे, मागे मी, आणि माझ्यामागे लाडू, चकल्या, स्वेटर आणि नेसायची सिल्कची साडी.

*

निघायच्या आधी दामल्यांनी हाताच्या खुणा शिकवल्या. डावा हात वर म्हणजे थांबा. उजवा वर म्हणजे धोका. दोन्ही वर म्हणजे काय, असं बलबीरने विचारलं. "दोनों ऊपर मतलब पुलिस का नाका, साहबजी?" दामले हसले नाहीत.

शहराबाहेर पडलो, खरडचा रस्ता लागला. दामले पुढे, काळा गॉगल, चामड्याचं जाकीट, गळ्यात शिट्टी. आणि एका शेताजवळ त्यांनी डावा हात झटकन वर केला. आमच्या तिन्ही गाड्या कच्चकन थांबल्या. गाड्या बंद केल्या, हुकमाची वाट बघत बसलो. दामले निघून गेले ते गेलेच! त्यांनी कानाजवळची गांधीलमाशी हाकलली होती.

रस्त्याकडेला ढाबा होता. बलबीर म्हणाला, "कमांडर को जाने दो जी, फौज चाय पी ले." आमचा चहा पिऊन झाल्यावर दामले उलटे येताना दिसले. पुढच्या गावापर्यंत एकटे गेले होते, आणि तिथे म्हणे त्यांनी मागे वळून भाषणही सुरू केलं होतं!

*

त्या दिवसांत मोटारसायकलवर दोन पुरुष दिसले की लोक रस्ता सोडून आडोशाला व्हायचे. गोळ्या घालणारे तसेच यायचे ना! म्हणून डबल सवारीवर बंदी होती. मागे बाई असेल तर सूट. नाका आला की लांबूनच इंजिन बंद करायचं, उतरायचं आणि गाडी ढकलत हळूहळू जवानांपुढे जायचं.

पहिल्याच नाक्यावर आम्हाला जवानांनी हात दाखवून सोडलं आणि बलबीरला बाजूला घेतलं. सगळं सामान उघडलं, खिसे उलटे केले, सीट काढून बघितली. बलबीर शांतपणे उभा. त्याला हे रोजचंच. ऑफिसात यांच्या शेजारच्या टेबलावर बसणारा माणूस, चिनूला खांद्यावर बसवून पार्कात फिरवणारा माणूस, आणि त्याचे बूट उतरवून बघत होते! मला फार वाईट वाटलं. मी तसं म्हटलं, तर तोच मला म्हणाला, "छोड़ो भाभीजी, मुफ़्त की मालिश हो गई."

आमच्या दामल्यांना काय सुचावं? म्हणाले, "बलबीर, तू असं कर, जरा मागे राहत जा. तुझ्यामुळे सगळ्यांचा खोळंबा होतो."

हे गाडीचा आरसा पुसायला लागले. विलास बुटाची नाडी बांधायला वाकला. मीच म्हटलं, "दामले साहेब, जनाची नाही तर मनाची तरी!" पण बलबीर म्हणाला, "कोई बात नहीं जी, पीछे ही सही," आणि खरंच मागे राहिला.

पुढे रोपडच्या अलीकडे दामल्यांची बुलेट बंद पडली. चोक ओढून ओढून त्यांनीच पेट्रोल भरून टाकलं होतं इंजिनात. किका मारून मारून घाम फुटला. विलासच्या मागे बसावं तर डबल सवारीला बंदी. आमच्या गाडीवर मी. म्हणाले, "तुम्ही व्हा पुढे, मी नाक्यापर्यंत ढकलत आणतो."

आम्ही नाका ओलांडून झाडाखाली थांबलो. जरा वेळाने दामले आले. धापा टाकत, काळा गॉगल, चामड्याचं जाकीट, बंद मोटारसायकल पळवत! चार जवान पुढे झाले. "कहाँ से भागे आ रहे हो?" दामल्यांच्या तोंडून शब्द फुटेना. जो काही फुटला तो मराठीत! "अहो, मी गॅझेटेड!" झालं, हात वर, गाडी आडवी, आणि दामल्यांच्या अंगावरून हात फिरू लागले.

तेवढ्यात मागून बलबीर आला. लस्सी पिऊन, सावकाश. उतरला, गाडी ढकलत नाक्यापाशी आला, स्वतःचे हात आपणहून वर केले आणि दामल्यांकडे बोट करून जवानांना म्हणाला, "छोड़ दो जी. बंदा शरीफ़ है, बस बोलता ज़्यादा है."

*

आता मेंढ्या. (हे गेले बघा बागेत!)

बिलासपूर सोडलं की घाट लागतो. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. आमच्या यांनी घाटात शिरल्या शिरल्या दुसरा गिअर टाकला तो पुढे काढलाच नाही. वळण दिसलं की हॉर्न, वळण संपलं की हॉर्न, सरळ रस्ता आला की तो संपेल म्हणून हॉर्न! मी मागून म्हणतेय, "अहो, जरा जोरात घ्या." हे म्हणतात, "तू दरीकडे बघू नकोस." मी कुठे बघत होते! यांचेच डोळे तिकडे लागलेले.

मागून मेंढ्यांचा कळप आला. वर कुरणात चाललेला. मेंढ्या आमच्या दोन्ही बाजूंनी आल्या, आमच्याबरोबर चालल्या, आणि बघता बघता पुढे निघून गेल्या. मेंढ्यांनी आम्हाला ओव्हरटेक केलं! शेवटी मेंढपाळ आला, म्हातारा, पाठीवर कोकरू. आमच्याबरोबर चालता चालता त्याने चौकशी केली, "कहाँ से?"

"चंडीगढ़."

तो थांबलाच. आमच्याकडे कीव करून बघितलं. "हाय राम! वहाँ तो बड़ा ख़तरा है." मग यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "अब डरो मत बाबूजी. यहाँ कोई नहीं मारता."

याच्यावर हे जे काही बोलले ते हॉर्नमध्ये बुडालं.

*

मनालीत विलासला भलतंच टेन्शन आलं. रविवारी मुलगी बघायची, आणि उन्हाने, वाऱ्याने चेहरा रापत चाललेला. मीच मूर्खपणा केला, म्हटलं, "तोंडाला क्रीम लावून काहीतरी गुंडाळ रे." त्याने माझा सल्ला इतका मनावर घेतला की मफलर, त्यावर टॉवेल, त्यावर माकडटोपी! नुसते डोळे उघडे.

क्रीम संपलं म्हणून स्वारी तशीच मोटारसायकलवरून बाजारात गेली. भर दुपारी. तोंड बांधलेला, मोटारसायकलवाला, गाडीचा नंबर चंदीगढचा! पहिल्या दुकानाचं शटर खर्रकन खाली. दुसऱ्याचं खाली. हा गोंधळून पुढे जातोय तशी शटरं पडतायत! शेवटी जनरल स्टोअरच्या बंद शटरवर थापा मारून ओरडला, "भाईसाब, खोलो! मुझे सिर्फ़ कोल्ड क्रीम चाहिए!"

आतून आवाज आला, "जितनी चाहिए ले जा भाई, बच्चों को छोड़ दे!"

बलबीर त्याला शोधत गेला. आता सरदारजीला बघून दुकानदार आणखी घाबरायचा! पण बलबीर रस्त्यात हसत बसला, अक्षरशः मांडी घालून. हसणारा माणूस बघून लोकांनी हळूहळू शटरं वर केली. क्रीम मिळालं. पण रोहतांगच्या बर्फावरून परत आलो तेव्हा टॉवेलच्या फटीतला डोळ्यांभोवतीचा पट्टा तांबडालाल आणि बाकी तोंड गोरंपान. नवरदेव घुबडासारखा दिसायला लागला! आता त्याला काय करणार, कप्पाळ!

*

रविवारी सकाळी नदीकाठच्या एका हॉटेलात नाश्त्याला दामल्यांनी रंगीत तालीम घेतली. ते स्वतः मुलीचे वडील झाले. बलबीरला मुलीची आई केलं.

"बरं, चंदीगढची परिस्थिती कशी काय?" दामल्यांनी विचारलं.

"म्हणजे तशी ठीक आहे," विलास म्हणाला, "पण अंधार पडल्यावर आपण..."

"चूक! परिस्थिती कशी काय?"

"शांत आहे. मागच्या महिन्यात जरा..."

"चूक!"

असं किती वेळ चाललं होतं देव जाणे. मुलीच्या आईने मध्येच तोंड घातलं, "मुंडा सच बोल दे तो क्या हो जाएगा जी?" दामले म्हणाले, "लग्न मोडेल!" बलबीरने पुढचा परांठा ओढला. त्यात खोटं काही नव्हतं. मिरज, कऱ्हाड, सगळीकडे तेच झालं होतं.

अखेर विलास तयार झाला. इतका तयार झाला की वेटरने येऊन विचारलं, "साहब, परांठे कैसे हैं?" तर हा उठून उभा राहिला आणि म्हणाला, "एकदम शांत हैं!"

मी हसले खरी, पण ताट बाजूला सारलं. तिथे मला एका आईसमोर बसून खोटं बोलायचं होतं. माझी स्वतःची पोर मी जिथे ठेवायला धजले नाही, तिथे तिची पोर पाठव म्हणून सांगायचं होतं. आणि विलासचंही मन मोडवत नव्हतं. असल्या कात्रीत देवाने वैऱ्यालाही अडकवू नये.

*

कर्णिकांचं क्वार्टर प्रकल्पाच्या कॉलनीत अगदी टोकाला. खाली नदी, समोर डोंगर. आम्ही कॉलनीच्या नळावर तोंडं धुतली, मी बाथरूम मागून सिल्कची साडी नेसले, आणि पाचही जण घरात जाऊन बसलो. मोठ्या लाकडी टेबलाभोवती खुर्च्या, बाजूला सोफा. कर्णिक उंच, कमी बोलणारे. कर्णिकबाई साताऱ्याच्या. पोहे आले. त्यावर ओलं खोबरं! त्या डोंगरात नारळ कुठून पैदा केला असेल त्या माउलीने कोण जाणे. मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं, आणि म्हणूनच आणखी लाज वाटली.

कर्णिकांनी दोनदा विलासच्या तोंडाकडे बघितलं. दामले म्हणाले, "रोहतांगचं ऊन! मर्दानी छंद आहेत मुलाचे."

"आणि चंदीगढ?" कर्णिकांनी विचारलं. "आम्ही पेपरात वाचतो ते..."

"एकदम शांत!" दामले म्हणाले. "पेपरवाले काहीही छापतात. आम्ही बघा ना, मोटारसायकलींवर हिंडतोय!"

कर्णिकांनी विलासकडे बघितलं. विलास म्हणाला, "शांत आहे." ताटलीकडे बघून म्हणाला, पण म्हणाला.

कर्णिकबाई माझ्याकडे वळल्या. "तुम्हाला मुलंबाळं?"

"एक मुलगी आहे. दुसरीत."

"आणली नाहीत तिला?"

"ती सांगलीला असते. आजीकडे."

"का हो? इतक्या लहानपणी?"

"हवा मानवत नाही तिला चंदीगढची," मी म्हटलं.

"हवा तर फार चांगली म्हणतात तिथली," त्या म्हणाल्या, आणि माझ्याकडे बघत राहिल्या. मी पोह्यातली मिरची शोधायला लागले.

तेवढ्यात मंजिरी चहाचा ट्रे घेऊन आली. सावळी, उंच, वडिलांसारखी. बाहेर कुठेतरी भोंगा वाजला. कर्णिकांपैकी कुणी मानसुद्धा वळवली नाही. मला वाटलं, शिफ्ट सुटली असेल.

आणि मग झाला तो आवाज! धडाम! खिडक्यांची तावदानं थरथरली, कपबशा वाजल्या.

आता आमच्या ऑफिसात आणि क्वार्टर्समध्ये सगळ्यांना शिकवून ठेवलेलं होतं, बायकांनासुद्धा. आवाज आला की काय झालं म्हणून विचारत बसायचं नाही, खिडकीशी जायचं नाही, जमिनीवर पडायचं आणि हात डोक्यावर घ्यायचे. इतके दिवस ते अंगात मुरलेलं. डोळ्याचं पातं लवायच्या आत दामले सोफ्यामागे! हे खुर्चीमागे, बलबीर दाराआड पगडी दोन्ही हातांनी धरून, आणि टेबलाखाली सिल्कच्या साडीसकट मी, शेजारी विलास.

वरती कर्णिक कुटुंब जसंच्या तसं. मंजिरीच्या हातातल्या ट्रेमधला एक थेंब सांडला नव्हता.

"अहो!" कर्णिक म्हणाले. "बोगद्याचं ब्लास्टिंग आहे ते! रोज या वेळेला असतं."

कुणी उठेना. उठून बघणार कुणाच्या तोंडाकडे? टेबलाखालून मला कर्णिकांचे नुसते बूट दिसत होते. ते सोफ्याच्या दिशेने वळले. मग कर्णिक सावकाश म्हणाले, "चंदीगढ शांत आहे म्हणालात."

सोफ्यामागून दामल्यांचा आवाज आला, "एकदम!"

कर्णिकबाई उठल्या. "मंजू, आत ये," म्हणाल्या. त्या स्वराचा अर्थ कुठल्याही बाईला कळतो. मिरज, कऱ्हाड आणि आता हे. विलासने डोक्यावरचे हात काढलेच नव्हते, त्याचे डोळे गच्च मिटलेले होते. मला त्याच्याकडे बघवेना.

मंजिरी आत गेली नाही. तिने ट्रे टेबलावर ठेवला आणि वाकून टेबलाखाली बघितलं. कॉलन्यांमध्ये वाढलेली पोर, तिचं मराठी हिंदीतून चालायचं. "रोज असं करावं लागतं?" तिने विलासला विचारलं.

सोफ्यामागून दामले खाकरले. चांगलं मोठ्याने खाकरले. विलासने डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "सांग बाबा. सांगून टाक."

"रोज नाही," तो म्हणाला. "पण कधी करावं लागेल ते सांगता येत नाही."

"पक्का?"

"पक्कं. वहिनींनी मुलीला त्यासाठीच सांगलीला ठेवलंय."

"तुम्हाला भीती वाटते?"

"वाटते," विलास म्हणाला. "फार वाटते."

"मंजिरी!" कर्णिकांचा आवाज चढला. "आई आत बोलावतेय ना?"

"आले, बाबा," ती म्हणाली. मग साडीच्या निऱ्या हाताने गोळा केल्या, खाली बसली आणि डोकं वाकवून टेबलाखाली शिरली. "वहिनी, जरा सरकता का?" मी सरकले. विलासकडे वळून तिने विचारलं, "हं, आता मला दाखवा. आधी हात डोक्यावर घ्यायचे, की आधी आडवं व्हायचं?"